आजच्या दिवसापुरते : डॉ. विल्यम ऑस्लर



कॅनडातील टोरोंटो शहराच्या नैर्ऋत्येस, ओंटारिओ सरोवराच्या काठी ओकव्हिल हे गाव आहे. १८२७ साली विल्यम चिझम नावाच्या गृहस्थाने तेथील खाडीच्या मुखाशी जमीन घेऊन ते वसविले. ओक वृक्षांच्या लाकडाचा व्यापार तेथे चाले. आपल्या मॉरिशसमधील काही कुटुंबांची मुले आज त्या भागात नोकरीधंद्यासाठी स्थायिक झाली आहेत. त्यांच्याशी बोलणे झाले की एक तक्रार हमखास ऐकू येते. कामे खूप, निर्णय खूप, आणि सगळेच उद्यावर पडते. खरे सांगायचे तर ही तक्रार आपल्या घरीही आहे. म्हणून आज आम्ही त्याच मुलखातील एका थोर पुरुषाची जीवनकथा सांगणार आहोत.

टोरोंटोहून सरोवराच्या काठाकाठाने निघाले की वाटेत ओकव्हिल लागते, पुढे हॅमिल्टन आणि हॅमिल्टनला लागून डंडस. १८५५ साली हॅमिल्टन ते टोरोंटो रेल्वे सुरू झाली, तीही ओकव्हिलवरूनच गेली. या डंडस गावात एका पाद्र्याच्या घरी विल्यम ऑस्लर वाढले. त्यांचा जन्म १२ जुलै १८४९ रोजी बाँड हेड या खेड्यात झाला होता. नऊ भावंडांत त्यांचा क्रमांक आठवा. लहानपणी ते इतके खोडकर होते की डंडसच्या शाळेने त्यांना काढून टाकले. पुढे टोरोंटोजवळच्या एका शाळेत जॉन्सन नावाच्या पाद्री गुरुजींनी त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शक यंत्र दिले आणि मुलाचे लक्ष खोड्यांवरून निसर्गाकडे वळले.

वडिलांप्रमाणे धर्मोपदेशक व्हायचे म्हणून १८६७ साली ते टोरोंटोच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. वर्षभरातच त्यांनी मार्ग बदलला आणि वैद्यकाचा अभ्यास धरला. १८७० साली ते माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गेले.

तेथे १८७१ साली या तरुणाला चिंतेने घेरले. परीक्षेत काय होईल? पास झालो तर पुढे काय करायचे? व्यवसाय कोठे मांडायचा? अशा मनःस्थितीत कार्लाइल या लेखकाचे एक पुस्तक हाती आले आणि त्यातील एका वाक्यावर नजर पडली. दूरचे जे अंधुक दिसते ते न्याहाळत बसू नये, हाताशी जे स्पष्ट आहे ते करावे, असा त्याचा आशय होता. ऑस्लरांनी तो विचार पक्का धरला. पुढचे आयुष्य कसे जाईल हा प्रश्न बाजूला ठेवून आज कोणता धडा वाचायचा, एवढाच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. १८७२ साली ते पदवीधर झाले.

युरोपात दोन वर्षे शिकून परतल्यावर ते मॅकगिलमध्येच शिकवू लागले. विद्यार्थ्यांसाठी सूक्ष्मदर्शके हवी होती आणि पैसा नव्हता. ऑस्लरांनी देवीच्या रोग्यांच्या कक्षात काम पत्करले व त्या कामाच्या वेतनातून यंत्रे विकत घेतली. त्या कक्षात काम करताना त्यांना स्वतःलाही देवी आल्या, पण त्यातून ते बरे झाले.

आता निर्णयाची गोष्ट ऐका. १८८४ साली ऑस्लर जर्मनीत असताना अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या विद्यापीठाकडून बोलावणे आले. माँट्रियलला मित्र होते, आवडीचे काम होते. फिलाडेल्फियाला मोठे क्षेत्र होते. रात्री उशिरापर्यंत ते दोन्ही बाजू तोलत बसले, पण पारडे कोणीकडेच झुकेना. शेवटी त्यांनी चांदीचे नाणे वर उडविले. छाप पडला तर फिलाडेल्फिया, काटा पडला तर माँट्रियल. छाप पडला. तार करायला ते कचेरीत गेले, तर खिसा रिकामा! जवळचे एकुलते एक नाणे मुक्कामाच्या खोलीत मेजावरच राहिले होते. क्षणभर त्यांना वाटले की देवच नको म्हणतो आहे. पण एकदा कौल मान्य केला तो केला, असे ठरवून ते परत गेले, नाणे घेऊन आले आणि तार पाठविली.

वाचकहो, प्रत्येक प्रश्न नाणे उडवून सोडवा, असे आम्ही म्हणत नाही. ऑस्लरांनी आधी विचार केलाच होता. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, हे त्यातूनच त्यांना कळले होते. दोन चांगल्या वाटांच्या तिठ्यावर उभे राहून रात्रीमागून रात्री घालविण्यात शहाणपण नाही, एवढेच त्यांनी ओळखले. आणि ठरल्यावर ते पुन्हा उकरून काढले नाही.

१८८९ साली ते बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे प्रमुख वैद्य झाले. विद्यार्थ्यांना वर्गातून उठवून रोग्याच्या खाटेशी नेण्याची त्यांची पद्धत तेथून सर्वत्र गेली. तेथेच त्यांनी वैद्यकावरील मोठा ग्रंथ लिहिला. ग्रेस नावाच्या स्त्रीशी विवाह ठरत होता, पण आधी पुस्तक पुरे करा, अशी त्यांची अट होती! १८९२ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात लग्नही झाले. रॉकफेलर यांच्या एका सल्लागाराने तो ग्रंथ वाचला आणि त्यातूनच १९०१ साली न्यूयॉर्कची रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्था निघाली.

एवढे काम त्यांना कसे साधले? १९०५ साली ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. १९१३ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी आपले गुपित सांगितले. आपली बुद्धी सामान्यच आहे, असे ते म्हणाले. मोठ्या जहाजात पाणी शिरू न देणारे वेगवेगळे कप्पे असतात. तसा प्रत्येक दिवस हा एक कप्पा करावा. कालचे दार बंद, उद्याचे दार बंद, आणि आजचे काम आज. ही सवय अंगवळणी पडली की रोज नव्याने मनाशी झगडावे लागत नाही. त्यांची स्वतःची एक सवय तर कोणालाही जमेल अशी होती. रात्री झोपण्यापूर्वी अर्धा तास ते वैद्यकाबाहेरचे चांगले पुस्तक वाचीत.

या शिकवणीची कठोर परीक्षाही झाली. पहिले मूल १८९३ साली आठवड्याभरातच गेले होते. दुसरा मुलगा रिव्हिअर पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सच्या रणभूमीवर ऑगस्ट १९१७ मध्ये मारला गेला. वय अवघे एकवीस. बाप आतून मोडला. दुःख काही कप्प्यात बंद होत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी रोगी होते, विद्यार्थी होते. तेवढ्या दिवसापुरते ते उठत राहिले. २९ डिसेंबर १९१९ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. आपल्या सुमारे आठ हजार ग्रंथांची सूची ते करीत होते. ती अपुरी राहिली आणि इतरांनी पुरी केली. ते ग्रंथ मॅकगिलला गेले. त्यांच्या अस्थीही तेथील ग्रंथालयातच आहेत.

आता आपल्याकडे वळू. आजीला तिच्या आजोबांचे कोकणातले गाव विचारायचे आहे. तिच्या तोंडची झाकरीची गाणी उतरवून घ्यायची आहेत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जाऊन पूर्वजांची नोंद शोधायची आहे. नातवंडांना मराठी शिकवायचे आहे. आपण म्हणतो, सवड मिळाली की सगळे नीट करू. वही चांगली हवी, यंत्र चांगले हवे, सगळे भाऊ एकत्र जमायला हवेत. काम आपणच इतके मोठे करून ठेवतो की त्याला हात लावायची भीती वाटते. आम्हीही असेच थांबलो होतो. आमच्या घरातील एक वृद्धा गेली आणि तिच्याबरोबर एका गावाचे नाव गेले. ते आता कोणत्याही दप्तरात आम्हाला सापडत नाही.

म्हणून आमची विनंती छोटीच आहे. आज संध्याकाळी चहा घेताना आजीला एकच प्रश्न विचारा आणि उत्तर हाताला लागेल त्या कागदावर लिहा. नातवाला एकच अक्षर गिरवायला द्या. ओकव्हिलला असलेल्या लेकीने आईला फोन करावा आणि एकच गाणे ऐकून घ्यावे. दुसरा प्रश्न, दुसरे अक्षर, दुसरे गाणे उद्याच्या कप्प्यातले आहे. आजचे तेवढे आज होऊ द्या.