दोन ठिपक्यांचा धनी

शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने ते दोन ठिपके काढलेले असतात. हायड्रोजनचे एक चिन्ह, शेजारी दुसरे, आणि मध्ये एकाखाली एक असे दोन ठिपके. संस्कृतच्या वहीतला विसर्ग वाट चुकून विज्ञानाच्या वहीत यावा, तसे. गुरुजी सांगत, हा सहसंयुज बंध. मी पुढे कलाशाखेकडे वळलो, सूत्रे विसरलो, पण ते ठिपके काही डोळ्यांपुढून गेले नाहीत. न्यूटनचे सफरचंद आणि आर्किमिडीजचे स्नान आपल्याला ठाऊक असते. हे ठिपके मात्र कोणी काढलेच नाहीत, फळ्यावर आपोआप उगवले, अशीच आपली समजूत! त्यांनाही एक धनी होता. त्याचे नाव गिल्बर्ट न्यूटन ल्यूइस.

ल्यूइसचा जन्म २३ ऑक्टोबर १८७५ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, वेमथ या गावी झाला. तो नऊ वर्षांचा असताना कुटुंब दूर नेब्रास्कात लिंकन येथे जाऊन राहिले. आईवडिलांनी त्याला पुष्कळसे घरीच शिकवले. शाळेच्या चाकोरीत तो उशिरा आला, आणि चाकोरीविषयी थोडी बेफिकिरी त्याच्या स्वभावात कायम राहिली ती बहुधा यामुळेच. हार्वर्ड विद्यापीठातून १८९६ साली तो पदवीधर झाला, एक वर्ष एका शाळेत त्याने मास्तरकी केली आणि १८९९ मध्ये थिओडोर रिचर्ड्स यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. पुढे रीतीप्रमाणे जर्मनीची वारी झाली. लाइपझिगला ओस्टवाल्ड आणि गटिंगेनला नेर्न्स्ट, असे त्या काळचे दोन दिग्गज त्याने जवळून पाहिले. नेर्न्स्टशी त्याचे जे बिनसले ते जन्मभर. त्याच्या लेखनातल्या चुका ल्यूइस पुढे छापील लेखांतून दाखवत राहिला. तरुण माणसाने मोठ्याची चूक उघड दाखवावी आणि मोठ्याने ती विसरावी, असे आपल्याकडेही क्वचितच घडते.

खरी गोष्ट सुरू होते ती १९०२ साली. ल्यूइस हार्वर्डमध्ये नवशिक्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्राची तोंडओळख करून देत होता. इलेक्ट्रॉनचा शोध लागून अवघी पाच वर्षे झाली होती. अणुकेंद्र तर कोणाला ठाऊकच नव्हते, ते पुढे १९११ मध्ये रदरफर्डने सांगितले. मूलद्रव्ये आवर्त सारणीत ठरावीक अंतराने आपले गुण पुन्हा का दाखवतात, हे त्या पोरांना समजावायचे कसे? ल्यूइसने एक घन काढला, सोंगटीच्या फाशासारखा, आणि त्याच्या कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन बसवले. एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जावे तसा एकेक कोपरा भरत जातो. आठही कोपरे भरले की निऑनसारखा निष्क्रिय वायू होतो, ज्याला कोणाशी देणे नाही की घेणे नाही. त्यानंतरच्या सोडिअमपाशी नवा घन सुरू. ही टिपणे त्याने कागदावर उतरवली, त्यांवर २८ मार्च १९०२ अशी तारीख घातली, आणि ठेवून दिली.

ती चौदा वर्षे छापली गेली नाहीत. असल्या कल्पनाविलासाला हार्वर्डमध्ये तेव्हा थारा नव्हता, असे ल्यूइस पुढे सांगत असे. रिचर्ड्स हे मोजमापाचे पक्के भोक्ते. जे तराजूत येत नाही त्यावर बोलू नये, अशी त्यांची शिस्त. ती शिस्त चुकीची होती असे मला म्हणवत नाही, कारण त्याच मोजमापासाठी १९१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पण वर्गात सुचलेली गोष्ट वर्गातच राहिली.

मधल्या काळात ल्यूइस हार्वर्ड सोडून थेट फिलिपाइन्समध्ये मनिला येथे वजनमापांचा अधीक्षक म्हणून गेला. तिथली सिगार ओढण्याची सवय त्याने कायमची बरोबर आणली. नंतर काही वर्षे बॉस्टनच्या तंत्रज्ञान संस्थेत काढून १९१२ साली तो कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, रसायनशास्त्र विभागाचा प्रमुख झाला. अखेरपर्यंत तो तिथेच होता. पहिल्या वर्षाच्या मुलांना उत्तमात उत्तम प्राध्यापकांनी शिकवावे, हा त्याचा आग्रह. गंमत अशी, की तो स्वतः तिथे नेमाने वर्ग घेत नसे. त्याचा खरा वर्ग म्हणजे संशोधनाची आठवड्याची बैठक. तिथे सिगारच्या धुरात कोणत्याही विद्यार्थ्याने उठून कोणालाही, खुद्द ल्यूइसलासुद्धा, खोडून काढावे.

याच काळात त्याने जुनी टिपणे पुन्हा हाती घेतली. प्रश्न असा होता. दोन अणूंना जोडण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ पन्नासएक वर्षे चिन्हांमध्ये एक आडवी रेघ काढत होते. सूत्रे त्या रेघेवर सुरेख जुळत. पण रेघ म्हणजे काय, हे विचारले की सगळे गप्प! मिठाचे कोडे सुटण्यासारखे होते. सोडिअम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो, एक धन होतो, दुसरा ऋण, आणि दोघे एकमेकांना ओढून धरतात. तो झाला आयनिक बंध, सरळ देवघेवीचा व्यवहार. पण हायड्रोजनचे दोन अणू? दोघे सारखेच, कोणी कोणाला द्यायचे? क्लोरीनच्या दोन अणूंना तर दोघांनाही एकेकच उणा असतो.

१९१६ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात ल्यूइसने उत्तर छापले. कोणी द्यायचे नाही, कोणी घ्यायचे नाही. दोघांनी एकेक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवायचा आणि ती जोडी दोघांनी आपलीच मानायची. घनांच्या भाषेत, दोन घन एक कड सामाईक करतात. दोन भावांच्या बांधावरच्या आंब्यासारखे हे आहे. आंबा एकच, पण दोघांच्याही सातबाऱ्यावर तो पुरा मोजला जातो, आणि म्हणून दोघांचेही आठ भरतात. (हायड्रोजनचे मात्र दोनातच भागते.) दुहेरी बंधात घनाची एक पूर्ण बाजू सामाईक होते. तिहेरी बंधाशी घन अडला. दोन घनांना सहा कोपरे सामाईक करता येत नाहीत. तेव्हा ल्यूइसने आपला लाडका घन बाजूला सारला, इलेक्ट्रॉनांच्या जोड्या केल्या आणि त्या चतुष्फलकाच्या चार टोकांवर ठेवल्या. कागदावर उरले ते ठिपके.

यातले धाडस आज ध्यानात येत नाही. दोन इलेक्ट्रॉन दोन्ही ऋण, त्यांनी एकमेकांना दूर लोटायला हवे. आणि ल्यूइस म्हणतो त्यांची जोडीच अणूंना बांधते! पदार्थविज्ञानाचा नियम एवढ्या लहान अंतरावर लागू पडत नसावा, असेही त्याने सुचवून टाकले. तो तर्क टिकला नाही, जोडी टिकली. १९२७ मध्ये हाइटलर आणि लंडन या दोघांनी नव्या पुंजयामिकीने हायड्रोजनच्या रेणूचे गणित मांडले, तेव्हा ती जोडी का धरून ठेवते याचे उत्तर मिळाले.

दरम्यान पहिल्या महायुद्धात ल्यूइस विषारी वायूंपासून सैनिकांचा बचाव करण्याच्या कामावर फ्रान्सला गेला. परतला तेव्हा चित्र बदलले होते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील अर्व्हिंग लँगम्यूर याने १९१९ पासून ही कल्पना वाढवली, तिला घडीव नावे दिली आणि गावोगाव व्याख्याने देऊन ती गाजवली. शाळेत आपण पाठ करतो ते अष्टक आणि सहसंयुज हे शब्द लँगम्यूरच्याच शब्दांची मराठी रूपे. तो वक्ता उत्तम, ल्यूइस बुजरा. लोक त्या विचाराला ल्यूइस-लँगम्यूर सिद्धान्त म्हणू लागले, आणि पुष्कळदा पहिले नाव गाळूनही. लँगम्यूर ल्यूइसचे ऋण मान्य करी, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण ल्यूइसला ते लागले. १९२३ च्या आपल्या ग्रंथात त्याने १९०२ च्या त्या टिपणांचे छायाचित्रच छापले, तारखेसकट. सामाईक मालकीचा सिद्धान्त मांडणाऱ्याला त्या सिद्धान्ताची सामाईक मालकी सोसवेना! मला हा माणूस आवडतो तो इथेच.

पुढचे मान इतरांना मिळत गेले. लँगम्यूरला १९३२ चे नोबेल मिळाले, तेही पृष्ठभागांच्या रसायनासाठी. ल्यूइसचा विद्यार्थी हॅरल्ड यूरी याला जड हायड्रोजनच्या शोधासाठी १९३४ चे मिळाले. जड पाणी शुद्ध स्वरूपात प्रथम वेगळे केले होते ते ल्यूइसने, १९३३ मध्ये. त्याच्या विभागातून पुढे जिओक, सीबोर्ग, लिबी आणि कॅल्व्हिन यांनाही नोबेल लाभले. ल्यूइसचे नाव तीसहून अधिक वेळा सुचवले गेले, पण पारितोषिक कधीच आले नाही. त्याच्याविरुद्ध गेलेल्या अहवालांमागे नेर्न्स्टचा एक स्वीडिश स्नेही होता, असे काही इतिहासकार मानतात. १९३४ साली ल्यूइसने अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा राजीनामाही दिला.

काम मात्र थांबले नाही. प्रकाशाच्या कणाला फोटॉन हा शब्द १९२६ मध्ये रूढ झाला तो त्याच्या एका पत्रामुळे. आम्ल कोणते आणि आम्लारी कोणते, याचीही त्याने त्या ठिपक्यांवरूनच नवी व्याख्या केली. जोडी घेतो तो आम्ल, देतो तो आम्लारी. लायनस पॉलिंगने १९३९ साली रासायनिक बंधावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ ल्यूइसला अर्पण केला. निवृत्तीनंतरही सत्तरीचा ल्यूइस रोज प्रयोगशाळेत येई.

२३ मार्च १९४६. त्या दिवशी लँगम्यूर सन्माननीय पदवी स्वीकारण्यासाठी बर्कलीत आला होता. दुपारी दोघे एकाच पंक्तीला जेवले असे सांगतात. जेवणानंतर ल्यूइस आपल्या खोलीत जाऊन द्रवरूप हायड्रोजन सायनाइडवरचा प्रयोग करू लागला. थोड्या वेळाने एका विद्यार्थ्याला तो टेबलाजवळ जमिनीवर मृतावस्थेत आढळला. खोलीत सायनाइडची वाफ होती. मृत्यूचे कारण हृदयविकार असे नोंदले गेले. या जुळणीवरून नंतर नाना तर्क लढवले गेले. मला ते पटत नाहीत. तो सत्तर वर्षांचा होता, हृदय दुबळे झाले होते आणि प्रयोग अर्धा राहिला होता.