बंदिवानाचा होकार

लोकशाही स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्यांना मिळणारे आंतरराष्ट्रीय सन्मान केवळ शोभेचे, असे म्हणणाऱ्यांनी कार्ल फॉन ओसिएट्झ्की या जर्मन संपादकाचे चरित्र आठवावे. १८८९ साली हॅम्बुर्ग येथे जन्मलेल्या या शांततावादी पत्रकाराने १९२९ मध्ये आपल्या ‘वेल्टब्यूने’ साप्ताहिकातून जर्मनीची चोरटी हवाई शस्त्रसज्जता उघडकीस आणली. त्याबद्दल १९३१ मध्ये त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. तरीही त्यांनी मायदेश सोडला नाही. १९३३ च्या फेब्रुवारीत, राइशस्टाग पेटल्यावर काही तासांतच नाझींनी त्यांना पकडले. छळछावण्यांत क्षयाने खंगलेल्या या बंदिवानास १९३६ मध्ये आदल्या वर्षाचे नोबेल शांतता पारितोषिक जाहीर झाले. ते नाकारावे म्हणून गोरिंगने दडपण आणले. ओसिएट्झ्कींनी ते स्वीकारले. त्यांना ऑस्लोस जाऊ दिले नाही. संतप्त हिटलरने १९३७ मध्ये समस्त जर्मनांनाच नोबेल घेण्यास बंदी केली. ४ मे १९३८ रोजी बर्लिनमध्ये, पोलिसांच्या पहाऱ्यात, त्यांचा अंत झाला.

पारितोषिकाने त्यांची बेडी तुटली नाही, हे खरे. परंतु एका मरणोन्मुख कैद्याच्या होकाराने बलाढ्य सत्ता बिथरली, यातच त्या सन्मानाचे मोल आहे.