यंत्राने माणसाला जपावे, असे सांगणारे जेफ रास्किन

संगणकावर काम करताना काही चुकले, की बहुतेक माणसे स्वतःलाच दोष देतात. आपल्याला यातले कळत नाही, असे म्हणून गप्प बसतात. हा दोष माणसाचा नसून यंत्राच्या रचनेचा आहे, ही भूमिका ज्या मोजक्या तंत्रज्ञांनी आयुष्यभर मांडली, त्यांत जेफ रास्किन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. आज सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये ‘यूजर एक्सपीरियन्स’ विभागाचे प्रमुखपद मानाचे समजले जाते. हा शब्दप्रयोग पदनामात रूढ झाला तो १९९३ मध्ये डोनाल्ड नॉर्मन अ‍ॅपल कंपनीत दाखल झाल्यानंतर. मात्र त्याच कंपनीत त्यापूर्वी १५ वर्षे रास्किन यांनी असे कोणतेही पदनाम नसताना या कामाचा पाया घातला होता.

रास्किन यांचा जन्म ९ मार्च १९४३ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षणानंतर त्यांनी पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी संपादन केली. अक्षरांपेक्षा चित्राला प्राधान्य देणारी संगणक प्रणाली हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. ज्या काळात संगणक म्हणजे छिद्रित कार्डे आणि आकड्यांच्या रांगा, असेच समीकरण होते, त्या १९६७ सालची ही गोष्ट. पुढे सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ते दृश्यकला विभागात शिकवू लागले. कला आणि मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंग शिकता यावे, म्हणून त्यांनी ‘फ्लो’ नावाची एक छोटी भाषा तयार केली. संगीत हा त्यांचा दुसरा ध्यास होता. ऑर्गनवादन, वृंदवादनाचे संचालन आणि विमानांच्या प्रतिकृती बनविणे यांतही ते रमत. विद्यापीठाचा राजीनामा त्यांनी कुलगुरूंच्या निवासस्थानावरून गरम हवेच्या फुग्यातून उडत जाहीर केला, असे सांगितले जाते.

अ‍ॅपलमध्ये ते आले ते अभियंता म्हणून नव्हे. स्टीव्ह जॉब्ज आणि स्टीव्ह वॉझ्नियॅक या तरुणांच्या कंपनीला ‘अ‍ॅपल टू’साठी माहितीपुस्तिका हवी होती आणि ती लिहिण्याचे काम रास्किन यांच्याकडे आले. जानेवारी १९७८ मध्ये ते प्रकाशन विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. कर्मचारी क्रमांक होता ३१. पुस्तिका लिहिणाऱ्याला यंत्रातली प्रत्येक अडचण शब्दांत समजावून सांगावी लागते. यंत्रच नीट घडविले, तर पुस्तिकेची पाने कमी होतील, हा विचार त्यांच्या मनात पक्का होत गेला.

त्यातूनच १९७९ मध्ये त्यांनी एका नव्या संगणकाचा प्रस्ताव मांडला. पडदा, कळफलक आणि बाकी सारे एकाच पेटीत, जोडाजोडीची कटकट नाही आणि रस्त्यावरच्या सामान्य माणसाला घेता येईल अशी किंमत, असे त्याचे स्वरूप होते. आरंभी त्यांनी ५०० डॉलरचे उद्दिष्ट डोळ्यांसमोर ठेवले. आपल्या आवडत्या ‘मॅकिंटॉश’ जातीच्या सफरचंदाचे नाव त्यांनी या प्रकल्पाला दिले. त्याच नावाची एक ध्वनियंत्र कंपनी असल्याने इंग्रजी स्पेलिंग तेवढे बदलले. त्यांनी जमविलेल्या चमूत दुरुस्ती विभागात काम करणारा बरेल स्मिथ होता. सॅन डिएगोतील त्यांचा विद्यार्थी बिल अ‍ॅटकिन्सन याला तर अ‍ॅपलमध्ये त्यांनीच आणले होते.

१९८१ च्या आरंभी मात्र चित्र पालटले. ‘लिसा’ प्रकल्पातून दूर झालेल्या जॉब्ज यांनी मॅकिंटॉशमध्ये लक्ष घातले आणि सूत्रे हळूहळू आपल्या हाती घेतली. अधिक शक्तिशाली प्रोसेसर आणि माऊस यांचा आग्रह जॉब्ज यांचा होता. कळफलकावरून हात वारंवार उचलावा लागू नये, असे रास्किन यांचे मत होते. मतभेद विकोपाला गेले. रास्किन यांनी कंपनीचे अध्यक्ष माइक स्कॉट यांच्याकडे लेखी तक्रारही केली. पण उपयोग झाला नाही. १९८२ मध्ये त्यांनी अ‍ॅपल सोडले. २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश बाजारात आला, तेव्हा त्याची किंमत २,४९५ डॉलर होती. त्याचे अंतिम रूप जॉब्ज आणि त्यांच्या अभियंत्यांचे होते, हे मान्य करावेच लागेल. तरीही सामान्य माणसासाठी यंत्र ही मूळ कल्पना आणि नाव रास्किन यांचेच राहिले.

यानंतर त्यांनी स्वतःची ‘इन्फर्मेशन अप्लायन्स’ ही कंपनी काढली. तिच्या संशोधनातून १९८७ मध्ये ‘कॅनन कॅट’ हे यंत्र तयार झाले. त्यात माऊस नव्हता, फाइलींची नावे लक्षात ठेवण्याची गरज नव्हती. सारा मजकूर एका सलग पट्टीसारखा असे आणि दोन खास ‘लीप’ कळांच्या साह्याने हव्या त्या शब्दावर झेप घेता येई. यंत्र सुरू करताच आदल्या वेळी जिथे काम थांबले, तीच जागा समोर येई. सुमारे २० हजार यंत्रे विकली गेली. पण थोड्याच काळात कॅननने उत्पादन थांबविले. रास्किन यांच्या कल्पना पूर्णपणे उतरलेले यंत्र असे अल्पायुषी ठरले.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ह्यूमेन इंटरफेस’ या पुस्तकात त्यांनी आपला सारा अनुभव सिद्धान्तरूपात मांडला. माणसाचे लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर असते, हे त्यातले मुख्य सूत्र. त्यामुळे एकच कळ कधी एक तर कधी दुसरे काम करू लागली, की चूक अटळ ठरते. फाइल पुसण्यापूर्वी संगणक खात्री करून घेतो. पण सवयीने बोट आपोआप होकारावर पडते आणि तो प्रश्न निरर्थक होतो. म्हणून विचारण्यापेक्षा केलेली कृती मागे घेण्याची सोय द्यावी, असे ते सांगत. आयझॅक असिमॉव्ह यांच्या यंत्रमानवाच्या नियमाच्या धर्तीवर, संगणकाने वापरणाऱ्याच्या कामाला इजा पोहोचवू नये, हा पहिला नियम त्यांनी घालून दिला.

या तत्त्वांवरच ‘आर्ची’ ही नवी प्रणाली उभी करण्याच्या प्रयत्नात ते होते. डिसेंबर २००४ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि २६ फेब्रुवारी २००५ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसिफिका येथे, वयाच्या अवघ्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आर्ची अपुरीच राहिली.

त्यांचे पुत्र एझा रास्किन पुढे मोझिला लॅब्जमध्ये यूजर एक्सपीरियन्सचे प्रमुख झाले. पडद्यावरचा मजकूर कधीच न संपता खाली सरकत राहण्याची युक्ती त्यांनी २००६ मध्ये शोधली. लोकांचे असंख्य तास त्यात वाया गेल्याबद्दल नंतर त्यांनी जाहीर खेद व्यक्त केला आणि २०१८ मध्ये ‘सेंटर फॉर ह्यूमेन टेक्नॉलॉजी’ या संस्थेच्या स्थापनेत सहभाग घेतला. वडिलांच्या पुस्तकाच्या नावातला ‘ह्यूमेन’ हा शब्द या संस्थेच्या नावातही आहे. यंत्र वापरायला सोपे झाले म्हणजे ते माणसाच्या हिताचे झाले, असे नव्हे. वडिलांचा लढा माणसाचे काम वाया जाऊ नये यासाठी होता. मुलाच्या पिढीसमोर माणसाचा वेळच वाया जाऊ न देण्याचा प्रश्न उभा राहिला आहे.