वडाळ्याचे फेअरबँकसाहेब

जिंतूरच्या बाजूस नेमगिरीच्या टेकड्यांच्या आसपास, किंवा पूर्णा नदीच्या काठच्या खेड्यांत प्रभूची सेवा करणाऱ्या उपदेशक बंधूंच्या मनात पुष्कळदा एक खंत येते. दिवसभर पायपीट केली, एका आजाऱ्याची विचारपूस केली, चार मुलांस एक गीत शिकविले, एका विधवेच्या ओसरीवर बसून प्रार्थना केली आणि दिवस मावळला. महिन्याच्या अहवालात लिहावे असे काय घडले? असा प्रश्न ज्यांस पडतो त्यांनी रेव्ह. सॅम्युएल बेकन फेअरबँक ह्यांचे चरित्र अवश्य ध्यानात आणावे.

फेअरबँकसाहेबांचा जन्म १८२२ साली अमेरिकेतील कनेटिकट प्रांतात झाला. त्यांचे वडील पाळक होते. विद्याभ्यास पुरा होताच त्यांनी आपणांस परदेशच्या सेवेस वाहून घेतले, आणि १८४६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते आपली पत्नी अॅबी हिच्यासह मुंबई बंदरी उतरले. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला; त्यापूर्वी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेस वळसा घालून येण्यास कित्येक महिने लागत. घरी पाठविलेल्या पत्राचे उत्तर येईपर्यंत ऋतू पालटून जात असे. असा मनुष्य मायदेशाच्या आठवणीवर जगू लागला, तर त्याचा जीव झुरून जावयाचा. ज्या गावी देवाने आणून ठेविले तेथील दिवस गोड करून घेणे, हाच त्यास उपाय होता.

परंतु हा धडा त्यांस स्वस्तात मिळाला नाही. येथे येऊन सहा वर्षे झाली नाहीत तोच, १८५२ साली, त्यांची पत्नी देवाघरी गेली. तरुण वय, परका देश, आणि घर रिकामे. कोणीही परत जावयाचे म्हटले असते तर त्यास दोष दिला गेला नसता. फेअरबँकसाहेब राहिले. अमेरिकन मराठी मिशनच्या मुंबईच्या छापखान्याचे काम त्यांनी काही काळ पाहिले, आणि १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राचे संपादनही केले. १८५६ साली मेरी बॅलंटाईन ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मराठी मंडळ्यांत ज्यांची गीते गाइली गेली त्या रेव्ह. हेन्री बॅलंटाईनसाहेबांच्या त्या कन्या.

ह्यानंतर, १८५७ च्या सुमारास, ते नेवासे तालुक्यातील वडाळा ह्या खेड्यात राहावयास गेले. अहमदनगराहून (आता अहिल्यानगर) औरंगाबादेकडे (आता छत्रपती संभाजीनगर) जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. छापखाना, सभा, विद्वानांची संगत हे सर्व मुंबईस राहिले. येथे काळी जमीन, बाभळी, बैलगाडीची वाट आणि पावसाकडे डोळे लावून बसलेले कुणबी, महार व मांग लोक. पुढे अनेक वर्षे हेच त्यांचे घर झाले.

ह्या साध्या गावात त्यांनी काय पाहिले? त्यांनी पाखरे पाहिली, शिंपले व गोगलगाई पाहिल्या, झाडेझुडपे पाहिली. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगरच्या आसपासच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ साली छापून प्रसिद्ध झाली. अशी यादी एका दिवसात होत नाही. चंडोल व सुगरण तर आपण सारेच पाहतो. पण वाटेत थांबून, नीट न्याहाळून, त्यांची नोंद ठेवणारा विरळा. दक्षिणेकडील पळणीच्या डोंगरात त्यांस आढळलेल्या एका गाणाऱ्या पाखरास ब्लॅनफर्ड नामक शास्त्रज्ञाने १८६९ साली त्यांचेच नाव दिले. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या बाजूस मिळालेल्या बारीक गोगलगाईंच्या एका जातीसही ‘फेअरबँकिया’ असे नाव पडले. राजेरजवाड्यांची नावे किल्ल्यांस व पेठांस दिली जातात. ह्या सेवकाचे नाव एका पाखरास व एका गोगलगाईस मिळाले. आम्हांस वाटते, त्यांनी ह्यापरते दुसरे स्मारक मागितलेही नसते.

पाखरांकडे पाहणाऱ्या त्यांच्या डोळ्यांनी शेतकऱ्याचे कष्टही पाहिले. लाकडी नांगराने कठीण जमीन नीट फुटत नाही, आणि हरळी व कुंदा मुळासकट निघत नाहीत, हे गावात राहणाऱ्यासच कळते. फेअरबँकसाहेबांनी अमेरिकेतील लोखंडी नांगर व शेतीची अवजारे इकडील शेतकऱ्यांच्या ओळखीची करून देण्याचा यत्न केला. लहान गोष्टींकडे प्रेमाने पाहणे हे रिकामपणाचे काम नव्हे. त्यातूनच शेजाऱ्याची गरज दिसू लागते.

पुढे कसोटीचा काळ आला. १८७६ साली पाऊस गेला, आणि त्यानंतरच्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला. १८७८ साली मेरीबाईही प्रभूमध्ये निजल्या. दुसऱ्यांदा घर ओस पडले. तरीही ते ह्या देशास सोडून गेले नाहीत. १८९८ साली त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांस प्रथम मुंबईस उतरून बावन्न वर्षे झाली होती. हेन्री व एडवर्ड हे त्यांचे पुत्रही ह्याच मिशनच्या सेवेत होते.

प्रिय बंधुभगिनींनो, नुसत्या मोठ्या यशाच्या आशेवर जगणारा मनुष्य दोन प्रिय माणसांच्या कबरींवरून पुढे चालू शकला असता काय? आपल्या प्रभूनेही चिमणी, मोहरीचा दाणा, पिठातील खमीर आणि गरीब विधवेची दोन नाणी ह्यांतच देवाचे राज्य दाखविले. तेव्हा आज सायंकाळी दिवा लावल्यावर, दिवसभरात देवाने दाखविलेली एक लहानशी गोष्ट आठवावी, घरातल्या मुलांस ती सांगावी, आणि तिच्याबद्दल त्याचे आभार मानावे. अहवालात तिला जागा नसेल. परंतु जो चिमण्यांचा हिशेब ठेवतो, त्याच्या वहीत ती खचित लिहिली जाईल.