पोलोपटू महाराजा सवाई मानसिंग

जयपूरच्या प्रताप नगरातून टोंक रस्त्याने शहराकडे निघाले की रामबागेजवळ सवाई मानसिंग स्टेडियम लागते. हे नाव आज क्रिकेटमुळे परिचित असले, तरी महाराजा सवाई मानसिंग (द्वितीय) यांची जगभर ख्याती झाली ती पोलोमुळे.

त्यांचा जन्म 1911 मध्ये ईसरदा येथील ठाकूर घराण्यात झाला. 1921 मध्ये जयपूर नरेशांनी त्यांना दत्तक घेतले. पुढच्याच वर्षी ते गादीवर आले.

पोलोत प्रत्येक खेळाडूचा दर्जा उणे 2 ते 10 ‘गोल’ असा ठरवतात. तो त्या त्या देशाची संघटना ठरवीत असल्याने एकाच खेळाडूचा दर्जा दोन देशांत निराळा असू शकतो. दोन्ही संघांच्या बेरजेतील फरकानुसार दुबळ्या संघास आरंभीच गोल बहाल होतात. खुल्या स्पर्धांत सहसा ही सवलत नसते. 1933 मध्ये मानसिंग, हनुतसिंग, पृथीसिंग व अभयसिंग यांच्या जयपूर संघाने इंग्लंडमधील प्रमुख खुल्या स्पर्धा एकामागून एक जिंकल्या. घोडेही जहाजाने तेथे नेले होते! परतंत्र देशातील संघाचे हे यश लहान नव्हते.

1940 मध्ये त्यांचा विवाह गायत्रीदेवींशी झाला. त्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड (तृतीय) यांच्या नात होत. 1949 मध्ये मानसिंग राजस्थानचे राजप्रमुख झाले, 1965 मध्ये स्पेनमधील भारताचे राजदूत. खेळ मात्र सुटला नाही. 1957 मध्ये फ्रान्समधील दोव्हिल येथे सुवर्णचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात ते होते.

24 जून 1970 रोजी इंग्लंडमधील सायरनसेस्टर येथे पोलो खेळत असतानाच त्यांचे निधन झाले. त्यावेळी ते 58 वर्षांचे होते.