चुकले की थांबणारा माग
साकिची टोयोडा : सुताराचा मुलगा ते यंत्रमागांचा संशोधक

टोयोटा हे नाव आज मोटारींमुळे घरोघरी पोहोचले आहे. परंतु या उद्योगाची मुळे मोटारीत नसून कापड विणणाऱ्या मागात आहेत. कामाच्या जागी रोज थोडी सुधारणा करीत राहण्याचा जो विचार पुढे 'काइझेन' या नावाने जगभर पसरला, त्याची एक महत्त्वाची मुळीही त्याच मागापाशी सापडते. तो माग घडवणाऱ्या कारागिराचे नाव साकिची टोयोडा.

साकिची यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६७ रोजी जपानमधील यामागुची या खेड्यात झाला. हे खेडे आज शिझुओका प्रांतातील कोसाई शहरात मोडते. वडील शेतीबरोबर सुतारकाम करीत, तर आई घरी हातमागावर कापड विणीत असे. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच झाले आणि वडिलांच्या हाताखाली मुलाने रंधा हाती घेतला. १८८५ मध्ये जपानात पेटंटचा कायदा आला. नव्या कल्पनेलाही मोल असते, हे त्या कायद्याने या तरुणाच्या मनावर ठसवले. सुतारकाम बाजूला सारून तो मागांची मोडतोड करीत बसू लागला. वडिलांना हे रुचले नाही आणि गावाने त्याला वेड्यात काढले. १८९० मध्ये टोकियोत औद्योगिक प्रदर्शन भरले, तेव्हा साकिची दिवसामागून दिवस तेथे जाऊन यंत्रे न्याहाळत राहिले.

१८९१ मध्ये त्यांच्या लाकडी हातमागाला पेटंट मिळाले. धोटा मारण्यासाठी दोन्ही हात गुंतवण्याची गरज त्यात उरली नाही. उत्पादन ४० ते ५० टक्क्यांनी वाढले आणि कापडाचा पोतही सुधारला. मात्र या ध्यासाची किंमत घराला मोजावी लागली. १८९४ मध्ये मुलगा किइचिरोचा जन्म झाल्यानंतर थोड्याच काळात पहिली पत्नी घर सोडून गेली आणि मुलाचे बालपण आजी-आजोबांच्या छायेत सुरू झाले.

साकिची यांचे खरे मोठेपण दिसले ते १८९६ मध्ये. त्या वर्षी त्यांनी लाकूड व लोखंड यांचा मेळ घालून वाफेवर चालणारा यंत्रमाग तयार केला. या मागाचे वैशिष्ट्य केवळ वेगात नव्हते. आडवे सूत तुटले किंवा संपले, की हा माग आपोआप थांबत असे. सूत तुटल्यावरही चालत राहणारा माग हातभर सदोष कापड विणून मोकळा होतो. ते टाळण्यासाठी मागापाशी माणूस उभा ठेवावा लागतो आणि दोष कधी घडेल याची वाट पाहणे एवढेच त्याचे काम होऊन बसते. ही राखण साकिची यांनी यंत्राकडे सोपवली. दोष झाकून काम पुढे रेटण्यापेक्षा काम थांबवून दोष तेथेच दूर करावा, हे तत्त्व त्या मागात अंतर्भूत होते.

हे तत्त्व यंत्राला पटले, पण भागधारकांना पटायला वेळ लागला. १९०७ मध्ये त्यांच्या नावाने माग बनवणारी कंपनी उभी राहिली. सततच्या प्रयोगांवर होणारा खर्च संचालकांना खुपू लागला आणि मंदीच्या दिवसांत त्याचेच खापर साकिची यांच्या माथी फुटले. १९१० मध्ये आपल्याच नावाच्या कंपनीतून त्यांना राजीनामा देऊन बाहेर पडावे लागले. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, हाती काही नसताना, त्यांनी अमेरिका व युरोपचा प्रवास केला आणि तेथील कापड गिरण्या पाहिल्या. परतल्यावर १९११ मध्ये त्यांनी नागोया येथे स्वतःची विणकामाची गिरणी काढली. नव्या मागाची परीक्षा घ्यायला आता कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. गिरणीतील रोजच्या कामात सापडणारा दोष दुरुस्त करूनच माग बाजारात आणायचा, असा त्यांचा शिरस्ता झाला.

त्या धीराचे फळ १९२४ मध्ये मिळाले. किइचिरो यांच्या साथीने तयार झालेल्या 'जी' प्रकारच्या स्वयंचलित मागात, माग पूर्ण वेगात असतानाच रिकामा धोटा जाऊन भरलेला धोटा येई. उभे वा आडवे सूत तुटले, की माग थांबे. एक कामगार तीसहून अधिक माग सांभाळू लागला. १९२९ मध्ये इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने या मागाच्या पेटंट हक्कांसाठी एक लाख पौंडांचा करार केला. मुंबईच्या गिरण्या ज्या लँकेशायरच्या यंत्रांवर उभ्या राहिल्या, त्याच लँकेशायरने जपानी सुताराच्या मुलाकडून यंत्रविद्या घ्यावी, ही घटना साधी नव्हती. ३० ऑक्टोबर १९३० रोजी साकिची यांचे निधन झाले.

दोषाच्या मुळाशी जाण्यासाठी पाच वेळा 'का' विचारण्याची पद्धतही त्यांच्याच नावाशी जोडली जाते. समजा, सूत तुटले. का? ताण वाढला. का? एक भाग झिजला. का? त्याला तेल मिळाले नाही. का? तेल घालण्याची वेळच ठरलेली नव्हती. का? ते काम कोणाकडे सोपवलेलेच नव्हते. पहिल्याच उत्तरापाशी थांबले तर विणकराला बोल लागतो आणि सूत पुन्हा तुटते. पाचव्यापर्यंत गेले तर कामाची रीत बदलते.

हा वारसा पुढे नेला तो ताइइची ओनो यांनी. १९३२ मध्ये ते टोयोडांच्या सूतगिरणीत रुजू झाले होते. महायुद्धानंतर टोयोटाच्या मोटार कारखान्यात त्यांनी, दोष दिसताच संपूर्ण उत्पादन-साखळी थांबवण्याचा अधिकार साध्या कामगाराच्या हाती दिला. स्वयंचलनासाठी असलेला जपानी शब्द लिहिताना टोयोटात एका अक्षराला 'माणूस' दर्शवणारी खूण जोडतात, ती याच जाणिवेतून.

मराठी उद्योगाशीही या परंपरेचा धागा जुळला आहे. लोखंडी नांगर घडवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे साकिची यांचेच समकालीन. त्यांचा जन्म १८६९ चा. १९९७ मध्ये टोयोटाने भारतात मोटारनिर्मितीसाठी किर्लोस्कर समूहाशी भागीदारी केली आणि बंगळूरजवळ बिडदी येथे कारखाना उभा राहिला.

सुधारणेच्या घोषणा भिंतीवर लावणे सोपे असते. काम थांबवून चूक दाखवणाऱ्यालाच जेथे अपराधी ठरवले जाते, तेथे त्या घोषणा भिंतीवरच राहतात. नागोयातील ज्या जागी साकिची यांनी १९११ मध्ये नव्याने सुरुवात केली, तेथे १९९४ पासून टोयोटाचे संग्रहालय आहे. मोटारींच्या बरोबरीने तेथे माग जपून ठेवले आहेत.