बद्रुद्दीन तय्यबजी

बद्रुद्दीन तय्यबजी (१० ऑक्टोबर, १८४४ - ऑगस्ट, १९०६) हे मुंबईतील नामवंत बॅरिस्टर, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष होते. १८९७ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली अटकेत असलेल्या लोकमान्य टिळकांना जामीन देणारे न्यायाधीश म्हणून महाराष्ट्रात त्यांचे नाव विशेषत्वाने घेतले जाते.

जन्म व शिक्षण

तय्यबजींचा जन्म सुलेमानी बोहरा पंथातील एका व्यापारी कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ खंबायतचे. वडील मुल्ला तय्यब अली यांनी मुलांना इंग्रजी विद्या देण्याचे धाडस त्या काळात केले. बद्रुद्दीन १८६० मध्ये इंग्लंडला गेले. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना मध्येच परतावे लागले, परंतु पुन्हा जाऊन १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे ते पहिले भारतीय बॅरिस्टर होत.

सार्वजनिक कार्य

फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासह त्यांनी १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना केली. अंजुमन-इ-इस्लाम या शिक्षणसंस्थेच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे, असे मत असलेल्या सर सय्यद अहमद खान यांच्याशी त्यांचा यावरून पत्रव्यवहार झाला. त्यात त्यांनी आपली भूमिका सौम्य शब्दांत, पण ठामपणे मांडली. १८९५ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

टिळकांचा जामीन

२२ जून, १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि सरकारचा रोष वृत्तपत्रांकडे वळला. केसरीतील लेखनाबद्दल २७ जुलै रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पार्सन्स व रानडे यांच्यापुढे केलेला अर्जही फेटाळला गेला. खटला सेशन्सकडे वर्ग झाल्यावर ४ ऑगस्ट रोजी बॅरिस्टर दिनशा दावर यांनी तय्यबजींपुढे नव्याने अर्ज केला. ॲडव्होकेट जनरलने त्यास कसून विरोध केला.

आरोप जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंतच्या शिक्षेचा होता आणि सुनावणीस सुमारे महिनाभर अवकाश होता. तय्यबजींनी विचार केला तो मुख्यतः दोन गोष्टींचा. आरोपी खटल्याच्या वेळी हजर राहील की नाही, हा जामिनातील खरा प्रश्न होय. टिळकांसारखा प्रतिष्ठित गृहस्थ पळून जाईल असे मानण्यास आधार नव्हता. दुसरे असे की, महिनाभर कोठडीत ठेवलेला मनुष्य पुढे निर्दोष ठरला, तर तो गेलेला महिना कोणतेही न्यायालय त्याला परत देऊ शकत नाही. त्यांनी जामीन मंजूर केला. आरोपांच्या खरेखोटेपणाबद्दल या आदेशाने काहीच ठरविले नव्हते, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. परंतु त्यामुळे टिळकांना बचावाची तयारी मोकळेपणी करता आली. त्यांच्यासाठी कलकत्त्याहून बॅरिस्टर पग आले.

८ सप्टेंबर रोजी न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला सुरू झाला. सहा युरोपीय ज्युरींनी टिळकांना दोषी, तर तीन भारतीय ज्युरींनी निर्दोष ठरविले. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला भरला गेला तेव्हा न्यायासनावर होते तेच दावर. बॅरिस्टर जिना यांनी केलेला जामीनअर्ज त्यांनी नाकारला. कधीकाळी ज्यांनी तय्यबजींपुढे टिळकांच्या सुटकेसाठी युक्तिवाद केला, त्यांच्याच हातून टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हे पाहण्यास तय्यबजी हयात नव्हते.

उत्तरायुष्य

१९०२ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचे हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणून काम पाहिले; या पदावर बसणारे ते पहिले भारतीय होत. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार आणि पडद्याला विरोध त्यांनी स्वतःच्या घरापासून केला. ऑगस्ट १९०६ मध्ये लंडन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींच्या अटकेनंतर नेतृत्व स्वीकारणारे अब्बास तय्यबजी हे त्यांचे पुतणे होत.